पुरुषांची रांग

डॉर्कस व्हिन्फील्ड लडलो गावातल्या मुलींच्या शाळेत अकरा वर्षं नाच शिकवत होती, आणि अकरा वर्षं नाचात ती पुरुष होती. शाळेत मुलगे नव्हते. समोरासमोरच्या दोन रांगांपैकी पुरुषांच्या रांगेत कुणीतरी उभं राहायला हवं होतं. ती उंच होती, एवढंच कारण.

सराईच्या माडीवरच्या नाचाला मिस्टर टकेट यांनी तिला जोडीला बोलावलं, तेव्हा तिला चौतिसावं लागलं होतं. टकेट विधुर होते, कापडाचं दुकान चालवत. त्यांची मुलगी लेटिस याच शाळेत होती. याआधी डॉर्कसला कुणी विचारलं नव्हतं. यापुढे विचारील अशी आशाही तिला नव्हती.

आठवडाभर ती शाळा सुटल्यावर खुर्च्यांच्या रांगा मांडून बाईची पावलं घटवत राहिली. वरच्या टोकाहून पुरुषाने डावीकडे वळायचं, बाईने उजवीकडे, आणि आपापल्या रांगेमागून खाली उतरायचं. डोक्याला समजत होतं, पायांना नाही. स्वयंपाकीण मिसेस गॉज दारातून म्हणाली, "अहो बाई, आता खुर्च्यासुद्धा नाचायला लागतील."

शनिवारी ती सलग वीस वेळा उजवीकडे वळली.

नाचाला त्यांची जोडी रांगांच्या वरच्या टोकाला उभी केली. हातमोज्यातूनही टकेट यांच्या हाताची ऊब जाणवत होती. दोन रांगांच्या मधून खाली, मधून परत. त्यांनी हसून मान डोलावली. डॉर्कस सुखावली, आणि पावलं मोजायची राहून गेली.

ती डावीकडे वळली. टकेट यांच्या मागोमाग, पुरुषांच्या रांगेमागून, शेपटासारखी खाली गेली. बायकांच्या रांगेत तिची जागा रिकामी. तिथून कुणीतरी फिसकन हसलं. टकेट यांनी तिला हाताला धरून जागेवर आणलं. दुसऱ्या फेरीला ती पुन्हा डावीकडे वळली.

मग त्यांनी तिला भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं.

"मनाला लावून घेऊ नका, बाई," ते म्हणाले. "आमची लेटिस सांगते, शाळेत तुमच्यासारखा पुरुष नाही."

ते खरोखर आपुलकीने बोलले होते. पुढचा नाच बायकांच्या रांगेतल्या मिस ऑर्मबरोबर केला तर चालेल का, असंही त्यांनी विचारलं. डॉर्कस म्हणाली, चालेल की.

मिस ऑर्म टोकाला आली आणि बोलता बोलता, न बघता उजवीकडे वळली. इकडे झग्याखाली डॉर्कसचे पाय ताल धरून डावीकडे सरकत होते. तिने ते खुर्चीखाली ओढून घेतले आणि एकावर एक घट्ट दाबून धरले.