न कापलेला स्टड

गोंदियाच्या एमआयडीसीत छोटेलाल रहांगडाल्यांचं वर्कशॉप आहे, राईस मिलचे सुटे भाग बनवतात. तिथं दोन माणसं एकमेकांचं तोंड पाहत नव्हती, आणि नेमकी तीच दोघं मिळून एक मशीन चालवत होती. वर काचेच्या केबिनमध्ये छोटेलालचा मुलगा दुर्गेश सीएनसी मिलिंगचे, म्हणजे कटरनं कुठून कसं कापत जायचं त्याचे, प्रोग्राम बनवायचा. खाली मशीनवर त्याचा भाऊजी, म्हणजे रेणूताईचा नवरा कैलाश, माल टेबलावर क्लॅम्पनं आवळून बांधायचा आणि मशीन चालवायचा. मधात एक लोखंडी जिना आणि एक पेनड्राइव्ह, बस.

वैर जुनं नव्हतं. ऐन धानाच्या सीझनच्या तोंडावर, बेअरिंग हाउसिंग, म्हणजे बेअरिंगचं लोखंडी घर, बनवताना मशीनचं कटर धरणारं हेड धाडकन कशाला तरी ठोकलं. कटर फिरवणारा स्पिंडल गेला. मशीन बंद, मिलवाले दुसरीकडे गेले. दुर्गेश म्हणे माझा प्रोग्राम बरोबर, बांधणारा चुकला. कैलाश म्हणे बांधणं बरोबर, प्रोग्राम चुकला. पण तोंडावर कोणीच बोललं नाही. दुर्गेश बोलला आईजवळ, निर्मलाबाईजवळ. कैलाश बोलला रेणूजवळ. मग रेणूनं भावाचा फोन उचलणंच सोडलं.

छोटेलालनं कोणाला काही विचारलं नाही. रहांगडाल्यांच्या घरात जावयाला जाब विचारत नाहीत. त्याच्या ताटात तूप जास्त पडतं, त्याची चूक मात्र हवेत विरून जाते. आणि जावयाला नाही विचारायचं तर पोराला तरी कोणत्या तोंडानं विचारणार? त्यानं स्पिंडल दुरुस्त करून आणला आणि एवढंच सांगितलं, की आता एकदा जरी हेड ठोकलं तर मशीन विकून टाकतो, मी परत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वेल्डिंग करतो. ही धमकी नव्हती. एक गिऱ्हाईक मशीन पाहूनही गेलं होतं.

दुर्गेश सारं शिकला मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून. डिप्लोमा नाही, सर्टिफिकेट नाही. ही मशीन गेली तर दुसरा कोणी त्याला मशीनजवळ उभं करणार नव्हता. मग गावाकडं गोरेगावची धानाची बांधी आणि तो.

म्हणून त्यानं सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर शोधलं. त्याच्याजवळचं जुनं सॉफ्टवेअर फक्त कटर आणि माल दाखवायचं. ह्यात आख्खी मशीन पडद्यावर चालते. टेबल, हेड, बांधलेले क्लॅम्प, सारं. काही कशाला लागलं की लाल होतं, खरं लोखंड ठोकायच्या आधी. कंपनीनं ट्रायल दिली. दुर्गेशनं बापाला सांगितलं, हे घेतलं तर मशीन वाचते.

कैलाशनं ऐकलं आणि तिथंच पान थुंकलं. म्हणाला, पडद्यावर तं लोकं लढाया जिंकून राहिले, त्यांना उठवून बॉर्डरवर पाठवा. दुर्गेश चूप बसणारा नव्हता. म्हणाला, बॉर्डरवर कोण आंधळा उभा आहे ते तरी दिसंल.

छोटेलालनं दोघांना अडवलं आणि परीक्षा ठेवली. ज्या कामात हेड ठोकलं, तेच काम सॉफ्टवेअरमध्ये चालव. लाल दाखवलं तर घेतो. नाही दाखवलं तर पुन्हा नाव काढायचं नाही.

दुर्गेशनं मान मोडून काम केलं. पडद्यावर मशीन उतरवली, टेबल उतरवला, ड्रॉइंगमध्ये जसे होते तसे क्लॅम्प आणि स्टड काढले. स्टड म्हणजे क्लॅम्प आवळायचा उभा आट्यांचा रॉड. मग बापाला आणि भाऊजीला केबिनमध्ये बोलावलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर हेड आलं, फिरलं, माल कापला, वर गेलं. कुठंच लाल नाही. सारं हिरवंगार, रोवण्यानंतरच्या बांधीसारखं.

कैलाश हसला नाही, तेच जास्त लागलं. तो सासऱ्याकडं पाहून बोलला, "मामाजी, सालेसाहेबांच्या मशीनले काहीच नाही झालं. तेच विका, चांगला भाव येईल."

छोटेलाल उठून खाली गेला. पडद्यावर ठोकलं नाही, मग खाली हेड ठोकलं कशाला? दुर्गेश जिना उतरला, कितीतरी दिवसांनी, आणि मशीनमागच्या क्लॅम्पच्या डब्यात हात घातला. एक एक स्टड काढून पाहू लागला. एकाच्या डोक्यावर ताजा चकाकता घाव होता. आणि तो स्टड ड्रॉइंगमधल्या स्टडपेक्षा चांगला वीतभर लांब होता.

हा कारखान्याचाच कायदा होता. छोटेलाल ट्रॉल्या बनवायचा तेव्हापासून इथं स्टड कापत नाहीत. कापला की एकाच कामाचा, तसाच ठेवला तर दहा कामाचा. तोच लांब स्टड नटच्या वर उभा राहिला होता, आणि दुर्गेशच्या प्रोग्रामात हेड त्याच जागेवरून, फार वर न उचलता, सरकत होतं.

त्यानं स्टड जसा होता तसा मोजून सॉफ्टवेअरमध्ये टाकला. दोघांना पुन्हा वर बोलावलं. आता हेड आलं आणि पडदा लालभडक झाला.

मग छोटेलालनं आयुष्यात पहिल्यांदा जावयाला विचारलं. "जावईबापू, त्या दिवशी स्टड कोणता लावला होता?"

"तुमचाच, मामाजी. इथं दुसरा असते कुठं?"

"मंग सांगतलं काऊन नाही?" दुर्गेश मधात पडला.

"कोणी विचारलं काय? तू तं वरून पेनड्राइव्ह फेकते. माल कसा बांधला ते खाली येऊन कधी पाहिलं?"

दुर्गेशनं कधीच पाहिलं नव्हतं.

छोटेलालनं स्टड हातात घेतला, घावावर अंगठा फिरवला, खाली ठेवला. आपल्या कायद्याबद्दल एक शब्द बोलला नाही. पोराला विचारलं, "लाल तं दाखवलं. घ्याचं का नाही, तूच सांग."

हो म्हणायचा मोका होता. एवढे दिवस त्याच एका शब्दासाठी तो भांडला होता. पण खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "नको. जे मी टाकलं नाही ते याले दिसत नाही. आणि मोजून टाकाचंच असेल तं आपल्या सीध्यासाध्या कामाले मोजणंच पुरते. पुढं तिरपं-वाकडं काम आलं तं घेऊ. पण भाऊजीनं बांधल्यावर स्टड किती वर आहे त्याचा फोटो पाठवाचा."

"पाठवतो ना. साहेबाले जिना उतराचा त्रास नको."

दुसऱ्या दिवशी तेच हाउसिंग बांधलं. फोटो आला. हललेला. पट्टीवरचा आकडा दिसत नव्हता. हात नाही हलला, हलवला, हे दुर्गेशला कळलं. तो पट्टी घेऊन खाली गेला. कैलाश स्टुलावर पाठ करून बसला होता.

"फोटो पाठवला ना?"

"पाठवला. मी मोजाले आलो."

कैलाश सरकला नाही. दुर्गेशनं त्याच्या खांद्यावरून हात घालून स्टड मोजला, वर गेला, प्रोग्रामात हेड आणखी वर उचलून न्यायचं केलं आणि पेनड्राइव्ह घेऊन खाली आला. कैलाशनं मशीन चालू केली.

हेड स्टडकडं सरकलं. कैलाशचा हात मशीन थांबवायच्या इमर्जन्सीच्या लाल बटणावर गेला. तिथं दुर्गेशचा हात आधीच होता. हेड स्टडच्या डोक्यावरून गेलं, मधात दोन बोटं जागा सोडून, आणि मालावर उतरलं. लोखंडाचा बारीक चुरा उडू लागला. दारात उभा छोटेलाल मागं फिरला.

"हात काढ," कैलाश म्हणाला.

"तुमी काढा."

माल पूर्ण होईपर्यंत कोणीच काढला नाही.