तारेचा गोळा

तपेलीवरचं झाकण खणकन खाली पडलं आणि भिंतीला टेकल्या टेकल्या डोळा लागलेली अनुसया दचकून उठली. पेज उतू गेली होती. अंग आंबून गेलं होतं, पण आज उशीर करून चालणार नव्हतं. साहेब तुकडा बघायला येणार होते. तिनं लेकीला, पुष्पलताला, कडेवर घेतलं आणि निघाली.

तुकडा म्हणजे वारासिवनी रोडवरचा वीस हात सिमेंटचा रस्ता. खाणीचे ट्रक डांबर टिकूच देत नव्हते, म्हणून मागल्या हिवाळ्यात सिमेंटच्या मालात बोटाच्या पेराएवढे तारेचे तुकडे मिसळून पाहिले होते. पावसाळ्यात तो टिकला तर सगळा रोड तसाच होणार, अनुसयाच्या मजूर टोळीला दोन वर्षं घराजवळ काम. नाहीतर तिरोडीची खाण, आणि चार वर्षांची पोर गावी सासूजवळ.

तेव्हा तार टाकायचं काम अनुसयाचं होतं. एकदम टाकली की गोळे होतात, म्हणून पिठल्यात बेसन भुरभुरावं तशी सुपातून टाकायची.

"काय वो, रस्त्याचं पिठलं रांधून राह्यली का?" टोळीचा मुकादम चैतराम चिडवायचा.

मालाच्या शेवटच्या घाण्याला मात्र झाडाखाली निजवलेली पुष्पलता किंचाळली. मुंगळा डसला होता. अनुसयानं सूप तसंच मालात उपडं केलं आणि धावली.

पावसाळा सरला तरी आज रस्त्याचा तुकडा शाबूत होता, फक्त शेवटच्या टोकाला तडकला होता. फटीत तारेचा लिंबाएवढा गंजका गोळा.

"तार ही बेकार है," साहेब वही उघडत म्हणाले. "अब आगे नहीं करना."

चैतरामनं मान खाली घातली. अनुसया पुढं झाली.

"तार चांगली हाये साहेब. माहा हात चुकला. सूप एकदम उलटं केलं मीनं."

साहेबांनी उकिडवं बसून बाकीचा रस्ता हातोडीनं ठोकून पाहिला. वहीतली ओळ खोडली. मग तिच्याकडे न बघता चैतरामला म्हणाले, "काम होगा. इस बाई को मत लाना."

साहेबांची जीप गेल्यावर चैतराम कळवळला. "काहून बोलली वो? आमचं काम राह्यलं, अन् तुहंच गेलं."

"हौ," ती म्हणाली. तिरोडीची गाडी किती वाजता सुटते, ते तिनं त्यालाच विचारलं.

कडेवरच्या पुष्पलतानं आईचा तळवा उलटासुलटा करून पाहिला.

"माय, तुहा हात काहून चुकला?"