आत्या बसली की टाकी भरते

गाडी बंद पडली तेव्हा काटा म्हणत होता, टाकी भरलेली आहे. गॅरेजवाला म्हणत होता, टाकी कोरडी ठणठणीत आहे. आता विश्वास कुणावर ठेवायचा? मी काट्यावर ठेवला.

"डोळे आहेत का तुम्हाला? हा बघा!" मी ओरडलो.

तो खिडकीतून वाकला. "भरलेली दिसतेय खरी. आजी, जरा उतरता का? मागच्या सीटखाली टाकी असते, बघतो."

आत्या उतरली आणि काटा लोळत लोळत शून्यावर आला.

"बसा," तो म्हणाला. आत्या बसली. काटा वर.

"उतरा." काटा खाली.

"अगं, काय करतेस तू?" मी आत्यावरच खेकसलो.

"मी कुठं काय करतेय? बस म्हणाले, बसले."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. आतोबा गेल्यापासून आमच्याकडेच असते. आता मुलाला अभ्यासाला वेगळी खोली हवी होती, म्हणून मी तिला वृद्धाश्रमात सोडायला निघालो होतो. ती "मला काय, कुठंही चालेल" म्हणाली आणि मी ते सोयीस्करपणे खरं मानलं. तिची ट्रंक डिकीत होती. संध्याकाळी आश्रमाचं फाटक बंद होतं, त्याआधी पोचायचं होतं. एरवी मी एकटाच गाडी चालवतो तेव्हा काटा शहाण्यासारखा वागतो. आज मात्र निघताना टाकी भरलेली दिसली, म्हणून मी पंप सोडून पुढे आलो होतो.

"दोष सीटचा की आजींचा, ते आधी ठरवू," गॅरेजवाला म्हणाला आणि त्यानं शेजारच्या टायरवाल्याला हाक मारली. हा माणूस म्हणजे नुसता डोंगर. तो सीटवर बसला, गाडी कण्हली, पण काटा ढिम्म. मग समोरचा शिंपी बसला. मग शिंप्याची बायको. मग टायरवाला पुन्हा एकदा. काटा काही झोपेतून उठेना.

चिमणीएवढी आत्या बसली आणि काटा टोकाला!

बघता बघता गर्दी जमली. एक गृहस्थ पुढे येऊन अदबीनं म्हणाले, "आजी, आमच्याही गाडीत दोन मिनिटं बसता का? टाकीत काही टिकतच नाही हो."

"येते, येते. आधी ह्याची होऊ दे," आत्या म्हणाली. गाल लाल झाले होते तिचे. आमच्या घरात तिला असं कुणाला थांबवून ठेवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"आत्या, तू काय पेट्रोल पंप आहेस का?"

"मी नाही म्हणत बाई. काटाच म्हणतोय."

गॅरेजवाला बॅटरी घेऊन तिच्या पायाशी आडवा झाला होता. "आजी, एवढ्या कडेला का बसता?"

"सवय आहे. कुणाला अडचण नको."

त्यानं तिला उतरवून सीट उचलली. अगदी दाराजवळ एक स्प्रिंग निसटून खाली आली होती. तिच्याखालून टाकीची वायर गेली होती आणि वायरचं प्लास्टिक सोललं होतं. स्प्रिंग दाबली की वायर पत्र्याला टेकायची आणि काटा भरल्याची थाप मारायचा.

"बाकीचे ऐसपैस मध्ये बसले," तो म्हणाला. "दाराला चिकटून, अंग चोरून बसलं तरच ही दबते. एकाच टोकाला बसून बसून निसटलीय बघा."

लोक हिरमुसले आणि पांगले. ते गृहस्थही न सांगता निघून गेले. मागचं अख्खं बाक रिकामं असताना ही बाई दाराला चिकटून बसत होती, आणि नीट बस असं तिला एकदाही कुणी म्हटलं नव्हतं. मी तर नाहीच नाही.

"टेप मारू ना?" त्यानं मला विचारलं.

"मार बाबा," आत्याच म्हणाली. "माझ्यापायी पोरगं रस्त्यात अडकलं."

त्यानं टेप मारली, स्प्रिंग वर बांधली, डब्यातलं पेट्रोल ओतलं. आत्या पुन्हा दाराशी जाऊन बसली. काटा शून्याच्या जरा वर आला आणि तिथंच राहिला.

"झालं काम!" तो खुशीत म्हणाला. "आता आजी बसल्या काय नि न बसल्या काय, काही फरक पडत नाही."

आत्या हसली. पण नजर त्या काट्यावरून हलेना तिची.

मी गाडी काढली आणि उलटी वळवली.

"अरे, इकडं कुठं? आश्रम तिकडं आहे."

"मला रस्ता शिकवू नकोस."

"फाटक बंद होईल ना."

"होऊ दे बंद!" मी इतक्या जोरात ओरडलो की शिंपी मशीन सोडून बाहेर आला. "आणि आधी ते दार सोड. मध्ये सरक."

"मध्ये कशाला? आहे ते बरंय."

"सरक म्हणतो ना!"

ती वीतभर सरकली. मी भर रस्त्यात गाडी थांबवली. मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून माझ्या सात पिढ्या उद्धरल्या, तरी ती नीट मध्ये, पाठ टेकून बसेपर्यंत मी हललो नाही.