भट्टीत फुटलेला लेप

मी लेप बोलतोय. विमानाच्या इंजिनात धगधगत्या वायूत गरगरणाऱ्या पात्यावर चढवतात तो, पांढरा, पुठ्ठ्याइतका पातळ. पातं वितळू नये म्हणून आग आपल्या अंगावर घ्यायची, हे माझं काम. जन्मच माझा मारहाणीतला. तलासरीच्या एका कारखान्यात आधी वाळूच्या माऱ्यानं पातं सोलून काढलं, मग माझी भुकटी वितळवून फवारणीच्या बंदुकीनं त्याच्यावर फेकली. आपटलो तिथेच चिकटलो.

त्याच्या आदल्या दिवशी दसरा होता, २०१७ चा. वेवजी गावातून कामाला येणाऱ्या नवशीनं यंत्रांची पूजा करताना त्या उघड्या पात्यालाही मधोमध हळद-कुंकू लावलं. खरं तर त्याला बोटही लावायचं नसतं, लागलं तर तिथे मी नीट चिकटत नाही. चूक कळल्यावर बिचारीनं ते पुसून परत वाळू मारून घेतली. सुपरवायझर प्रविणनं टिळा पाहिला, पुसणं पाहिलं नाही.

पुढे परीक्षा. तासभर भाजायचं, मग गार हवेचा फटका, पुन्हा भट्टी. धातू तापला की माझ्याहून जास्त फुगतो, गार झाला की जास्त आकसतो, आणि त्या ओढाताणीत मी चिरफाळतो. शिवाय आमच्या दोघांमध्ये गंजासारखा एक थर धरतो, तो उष्णतेनं जाड होतो. दिवाळीच्या सुटीवर जाताना प्रविण भट्टी बंद करायलाच विसरला. चार दिवस आम्ही आत होरपळत होतो. तो थर असा माजला, की गार हवा लागताच मी तडातडा फुटलो.

प्रविणनं दोष सरळ टिळ्यावर ढकलला. नवशीला कामावरून काढा म्हणाला. तपासणीला आलेल्या दक्षा मॅडमसमोर नवशी एवढंच बोलली, "मी पुसला होता, मॅडम. परत वाळू मारली."

प्रविणनं छिन्नी घेतली. बाकी ठिकाणी माझे तुकडे उडाले होते, पण टिळ्याच्या जागी मी उरलो होतो; तिथला लेपही सहज निघतो हे त्याला दाखवायचं होतं. पहिल्या घावाला मी हललो नाही. मग तो चिडला आणि हातोडा घालत सुटला. पात्याची कड वाकली, छिन्नी घसरून त्याचा अंगठा फाटला, रक्त माझ्यावर सांडलं. मी सोडलं नाही. मला त्या बाईसाठी चिकटून राहायचं होतं.

मॅडमनी हातोडा काढून घेतला. "भट्टीचा चार्ट आणा," त्या म्हणाल्या. "दिवाळीचा."

प्रविण जागचा हलला नाही. नवशीच जाऊन चार्ट घेऊन आली. त्यात भट्टी चार दिवस सलग तापलेली दिसत होती.

आता मी त्या पात्यासकट एका पिशवीत, कपाटात पडून आहे. पुन्हा कधी आगीसमोर जाणार नाही. एकच मागणं आहे, तुमच्याकडे असं काही फुटलं, तर आधी एखाद्या बाईकडे बोट दाखवू नका.