तेल लावलेले टायर

मुंब्र्याच्या पुढच्या उतारावर फट्ट आवाज झाला, तेव्हा पंढरीने आधी मांडीवरचं लाकडी दार चाचपलं. ते धड होतं. फुटलं होतं ते अण्णांच्या तीनचाकी मोटारसायकलचं मागचं डावं टायर.

दार दिवा गावाजवळच्या त्याच्या मिठागराच्या उघाडीचं होतं. बांधातल्या त्या तोंडातून खाडीचं पाणी लागेल तेवढंच आत घ्यायचं, एरवी दार लावून ठेवायचं. जुन्या दाराच्या फळ्या कुजल्या. ठाण्याच्या सुताराने नवं दार द्यायला आजची सकाळ उजाडवली आणि तोवर आगगाडी निघून गेली. आज वैशाखी पौर्णिमा, दुपारी उधाण. दार बसलं नाही तर पाणी आत शिरणार आणि वर्षभराची मिठाची रास विरघळून जाणार.

"बैलगाडी संध्याकाळी पोचेल," अण्णा सुताराच्या ओट्यावर म्हणाले होते. "माझ्याबरोबर चल. जेवायच्या आत घरी असशील." १८९९ सालच्या त्या उन्हाळ्यात ठाण्यात अशी गाडी त्यांच्या एकट्याकडेच होती. तिच्यामागे जोडलेल्या वेताच्या खुर्चीगाडीत पंढरी दार आणि पेंढ्याचा भारा घेऊन बसला होता.

"राखीव टायर आहे. आता बदलतो," अण्णा म्हणाले.

दोघांनी मागची बाजू उचलून आसाखाली धोंडे सारले. अण्णांनी दोन लोखंडी पट्ट्या टायरच्या कडेत घालून ते धावेवरून उपसलं. पंढरी मधूनमधून उठून वळणापर्यंत जाई. तिथून खाडी दिसत होती. सकाळी उघडा असलेला चिखल आता दिसेनासा झाला होता.

"पानी चरतंय, अण्णा."

"बघतोयस कशाला सारखं? तुझ्या बघण्याने थांबणार आहे का?"

राखीव टायर चढलं. अण्णांनी पंपाने हवा भरली आणि टायर एका बाजूला गळवासारखं फुगलं. त्यांनी हात काढून घेतला. बोटं चिकट झाली होती.

पंढरीने वास घेतला. "तिलाचा तेल?"

"रोज लावतो," अण्णा म्हणाले. "सगळ्या टायरांना, राखीवलाही. कातडं तेलाशिवाय तडकतं."

"हा कातरा हाय?"

अण्णांनी फुटलेलं टायर उचललं. फाटलेली कड मऊ, सुजल्यासारखी झाली होती. एकदा अंगठ्याने दाबून पाहिली, आणि त्यांना कळलं: हे कातडं नव्हे, रबर; आणि रबर तेलाने कुजतं. त्यांनी राखीव टायरमधली हवा सोडून दिली.

"यात हवा टिकायची नाही. काहीतरी ठासून भरायला पाहिजे. पेंढा दे."

पंढरी भाऱ्यापुढे उभा राहिला. "ह्यो दाराच्या फटीत भराया आनलाय. ह्याच्याबिगर दार लावून काय फायदा? पानी कडंकडंनं शिरंल."

"आणि पोचलोच नाही तर दार लावशील कुठे?"

पंढरीने पुन्हा वळणाकडे पाहिलं. मग खाली बसून तो पेंढा पिळू लागला. अण्णा त्याचे वेढे टायरमध्ये कोंबत होते. शेवटची मूठ आत गेली तेव्हा पंढरीजवळ एक काडी उरली नव्हती.

गाडी डावीकडे उड्या मारत निघाली. अण्णा दर उडीला दात आवळत. पंढरी दार छातीशी धरून बसला होता.

मिठागरावर त्याची बायको आवडाबाई उघाडीच्या तोंडात कमरेपर्यंत पाण्यात उभी होती. चिखलाची ढेकळं लावत होती, ती वाहून जात होती.

"आलास? मी म्हनलं, गारी तुलाच घेऊन विलायतेला गेली!" तिने दार पकडलं. दोघांनी ते खाचेत उतरवलं. दोन्ही बाजूंच्या फटींतून लगेच पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. "पेंढा कुठाय?"

पंढरीने चाकाकडे बोट दाखवलं.

"गारीला चारला?"

पंढरी चाकातला पेंढा उपसायला धावला. अण्णांनी त्याला अडवलं. "त्याचा आता भुसा झालाय." त्यांनी खुर्चीगाडीतून फुटलेलं टायर काढलं. ते मऊ होतं. दाबलं की दबत होतं. "कोयता आहे?"

आवडाबाईने कमरेचा कोयता दिला. अण्णांनी टायर उभं चिरून पट्ट्या केल्या, बूट काढले आणि पाण्यात उतरले. पंढरी पट्टी फटीत घाले, आवडाबाई कोयत्याच्या मुठीने ठोकून बसवी. चिळकांड्या एकेक करून आत झिरपणाऱ्या रेघा झाल्या.

आवडाबाईने बोटं हुंगली. "तेल हाय, मीठ हाय. लोनचं घाला आता, अण्णा."

अण्णा हसले नाहीत. पाणी बाहेरून दाराच्या वरच्या फळीपर्यंत आलं होतं. एका कोपऱ्यात पट्टी कमी पडली. तिथे त्यांनी तळहात दाबून धरला.

बऱ्याच वेळाने पंढरी वाकला. वरच्या फळीवर, पाण्याच्या वर, बोटभर ओली खूण उघडी पडली होती.

"उतरतंय," तो म्हणाला.

अण्णांनी तरीही हात काढला नाही.