रोजचे सेल, कधीमधीचे सेल

भोपाळात, आमच्या पिपलानीच्या बाजारात सेल आणायला गेले आणि खोटं बोलून परत आले. एरवी मी खोटं बोलत नाही. खरं बोलूनच माझी माणसं तुटतात, खोट्याची गरज पडत नाही.

सेल हवे होते कॅमेऱ्याला. कॅमेरा श्यामचा, म्हणजे माझ्या मुलाचा. त्यानं पुण्यात नवा घेतला आणि जुना दिवाळीला येताना मला आणून दिला. "फोटो काढत जा, आई, वेळ जाईल," म्हणाला. हल्ली जो तो मला वेळ घालवायचे उपाय सुचवतो. कुणी भजनी मंडळ सांगतं, कुणी शब्दकोडी. माझ्याकडे वेळ फार आहे हे खरंच आहे, पण ते दुसऱ्यानं म्हटलेलं मला सोसत नाही.

आमचे हे मोठ्या कारखान्यात टर्बाइनच्या खात्यात होते. लग्न होऊन आले ती सरळ टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये, आणि हे रिटायर झाल्यावर इंद्रपुरीत स्वतःचं घर बांधलं. आजूबाजूला सगळी कारखान्याचीच माणसं. मुलं शिकली, पुण्याला, बंगलोरला गेली, मग एकेक करून म्हातारी माणसंही त्यांच्या मागे गेली. हे गेले त्याच वर्षी शेजारच्या मंगलाताई मुलाकडे नागपूरला गेल्या. त्यांच्या फाटकाला कुलूप आहे आणि अंगणात माझ्या खांद्याइतकं गवत.

मलाही जायचं होतं. हे स्पष्टच सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ह्यांचे दिवस झाल्यावर श्याम म्हणाला होता, "आई, चल पुण्याला." मी म्हटलं, "नको रे, इथंच बरी आहे." आता नको म्हणायचंच असतं. पानात वाढायला कुणी आलं की आपण आधी हात आडवा धरतोच की, म्हणून काय वाढणारा पुढच्या पानावर निघून जातो? थोडा आग्रह करायचा असतो. माझ्या मुलाला हे कळलं नाही. त्यानं नको म्हणजे नको धरलं आणि रविवारी फोन करायला लागला. त्यानं पुन्हा एकदा विचारावं, एवढीच माझी इच्छा होती. आपण होऊन बोलणं माझ्याच्यानं होत नव्हतं.

तर तो दुकानदार. त्यानं कॅमेरा उघडून पाहिला आणि दोन पाकिटं काउंटरवर ठेवली. एक साध्या सेलचं, एक चार्जिंगच्या सेलचं. साधे सेल संपले की फेकायचे. कॅमेरा त्यांना भराभर खातो, पण न वापरता ठेवले तर वर्षानुवर्षं तसेच राहतात. चार्जिंगचे पुन्हा पुन्हा भरता येतात, मात्र पडून राहिले तर बसल्या जागी आपोआप उतरतात. हे सगळं त्यानं नीट समजावलं आणि मग विचारलं, "आंटीजी, फोटो रोज खींचती हैं कि कभी-कभार?"

शेजारी आमच्या जुन्या सेक्टरमधल्या कमलताई मनगटी घड्याळात सेल बसवून घेत उभ्या होत्या. कमलताईंच्या घरात मुलगा, सून, तीन नातवंडं आणि एक कुत्रा. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती, की मलाच तशी दिसली, देव जाणे.

"रोज," मी म्हटलं. "रोज खींचती हूँ."

आणि चार्जर, चार सेल घेऊन ताठ मानेनं घरी आले.

घरी आल्यावर कळलं की मी काय ओढवून घेतलंय. चार्जिंगचे सेल म्हणजे दुभतं जनावर. आज नको, उद्या बघू, असं चालत नाही. भरून ठेवले आणि आठवडाभर हात लावला नाही, तर ऐन वेळी कॅमेरा डोळा उघडायचा आणि मिटायचा. मग मला त्या दुकानदाराचा प्रश्न आठवायचा आणि मी चिडून सेल पुन्हा चार्जरला लावायची. आपण रोज म्हणालो ना, मग रोज.

पहिल्यांदा पपईचं झाड काढलं. मग दोरीवरचं लुगडं, मंगलाताईंचं कुलूप, पावसानं काळी पडलेली गच्ची. कारखान्याकडे जाणारा रस्ता काढला. पूर्वी पाळी सुटली की त्या रस्त्यावर सायकलींमुळे पाऊल टाकायला जागा नसे. माणसांचे फोटो काढायचाही प्रयत्न केला. एकदा भाजीवाल्यासमोर कॅमेरा धरला तर त्यानं केस नीट केले, गाडीला टेकून उभा राहिला आणि फोटो कधी मिळणार म्हणून विचारलं. माझा फोटो घेऊन तुम्ही काय करणार, असंही विचारलं. त्याला काय सांगणार? मी बटण न दाबताच भेंडी घेऊन आत आले. माणसाचा फोटो काढायचा तर आधी आपल्यासमोर कुणी उभं राहणारं लागतं. पपईचं तसं नाही.

थंडीत श्याम ऑफिसच्या कामासाठी भोपाळला आला. दोन दिवस घरी राहिला. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्याला कॅमेरा दिसला. तो जेवणाच्या टेबलाशी बसून एकेक फोटो पाहू लागला. मी समोर मटार सोलत होते. बटण दाबल्याचा बारीक आवाज येत होता आणि माझं सगळं लक्ष त्या आवाजाकडे. झाड, दोरी, कुलूप, रस्ता, रिकामी खुर्ची, पुन्हा झाड. मनात म्हटलं, आता विचारेल. एवढ्या फोटोंत एकही माणूस कसा नाही गं, असं विचारेल. आणि त्यानं विचारलं की सगळं सांगून टाकायचं, मानापमान गेले चुलीत. शेंगा संपल्या तरी मी सालंच चिवडत बसले होते.

"रोज काढतेस?" त्यानं विचारलं.

"रोज."

"ग्रेट आहेस," तो म्हणाला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. लहानपणी गणिताचा पेपर सोपा गेला की व्हायचा तसा. त्यानं बॅगेतून साध्या सेलचं पाकीट काढून मला दाखवलं. कॅमेरा पडूनच असेल असं वाटून आणलं होतं, असं म्हणाला, आणि पाकीट परत बॅगेत टाकलं.

मग म्हणाला, "खरं सांगू का? मी तुला न्यायला आलो होतो. मागची खोली रंगवून घेतलीय. तू इथं नुसती बसून राहत असशील असं वाटत होतं. पण तू तर छान रमलीयस. आता त्या फ्लॅटमध्ये आणून तुला कशाला कोंडायचं?"

मला रडू आलं. बाहेर नाही आलं, आतच आलं. रंग कुठला दिलाय, खिडकी कुठल्या बाजूला आहे, मी येते, आत्ता येते, एवढं सगळं जिभेवर होतं. आयुष्यभर नको तिथे बोलणारी बाई मी. दोन शब्द बोलायचे होते.

"हो," मी म्हटलं, "रमलेय."

संध्याकाळी त्याची रिक्षा आली. बॅग ठेवून तो परत फाटकाशी आला, माझ्या हातातून कॅमेरा घेतला आणि मला पपईजवळ उभं केलं. सूनबाईला दाखवायला त्यानं आपल्या फोनवरही एक काढला. जरा हस ना, म्हणाला, म्हणून हसले.

माझ्या कॅमेऱ्यात माणसाचा तो एकच फोटो आहे. चांगला आलाय. पाहणाऱ्याला वाटावं, बाई अगदी सुखात आहे.