पाठीची बटणं

माझा धाकटा परदेशात राहतो आणि तिथल्या लोकांचे व्हिडिओ करून इकडच्या लोकांना दाखवतो. इकडच्या लोकांत मीही आलेच. फोन करायला त्याला सवड नसते, म्हणून मी व्हिडिओ बघते. पोरगं वाळलंय का, एवढं तरी कळतं. महिनाअखेरीस येतो म्हणालाय, तेव्हा त्याची खोली झाडून, गादीला ऊन दाखवून ठेवलंय.

परवा त्याने खालच्या मजल्यावरची म्हातारी दाखवली. बाई खिडकीशी बसलेली, अंगात फुलाफुलांचा झगा, मांडीवर मांजर. हसत काहीतरी सांगत होती, पण आमच्या चिरंजीवांनी तिचा आवाज बंद करून रडकं संगीत लावलेलं. "बघा मंडळी," म्हणाला, "इथे म्हाताऱ्या माणसांना कुणी विचारत नाही. आपल्याकडे असं नसतं."

अस्सा राग आला. नाकाने कांदे सोलावेत तरी किती.

तेवढ्यात मांजर खाली ठेवायला बाई वाकली आणि तिची पाठ दिसली. मानेपासून कमरेपर्यंत बारीक बटणं, सगळी नीट लावलेली. ती आपली आपल्याला लावता येत नाहीत, मला विचारा. माझा निळा झगा तसाच आहे. हे गेल्यापासून कपाटात पडलाय. एकदा हट्टाने घालायला गेले, तर खांदा असा धरला की केस विंचरता येईनात. म्हणजे त्या बाईकडे रोज कुणीतरी येतं. लेक असेल, नाहीतर शेजारीण. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

रविवारी फोन आला. "आई, बघितलास ना? लोक नुसते रडतायत."

"बघितला. कधी निघतोयस?"

"अगं, तेच सांगायचं होतं. व्हिडिओ इतका चाललाय की आता एकट्या म्हाताऱ्यांवर अख्खी मालिका करायचीय. यंदा नाही जमणार. तू घेशील समजून."

"त्या बाईंची बटणं कोण लावतं रे?"

"कसली बटणं?"

"पाठीची. विचार तिला कधीतरी."

"तुझं आपलं काहीतरीच," तो हसला. "बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय," मी म्हटलं.

फोन ठेवून त्याची गादी गुंडाळली. मग निळा झगा काढून घातला. हात पोचला तिथली बटणं लावली, वरची दोन आणि खालचं एक. मधली उघडीच राहिली. वरून शाल घेणार होते, पण पाठ बघायला घरात होतं कोण.